मिनिटभराची मुकी फीत

एप्रिल संपत आला की आमच्या गावात घराच्या आत कोणी झोपत नाही. रात्रीचे नऊ वाजले तरी भिंती तव्यासारख्या तापलेल्या असतात. मग गच्चीवर पाणी शिंपायचं, वाफ निवू द्यायची आणि दहाच्या पुढं खाटा टाकायच्या. शाळेला सुट्ट्या लागल्या की मी यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावी येते, माझीही खाट त्या ओळीत पडते. पहाटे साडेचारला जाग येते ती गजरानं नाही. सांदवाडीतल्या निंबाचा शेंडा दोन वर्षांपूर्वी वाळला, तो आम्ही तोडला नाही. त्या वाळक्या काडीवर दयाळ येऊन बसतो.

सुरुवात एका बारीक शिळेनं होते. तेवढीच, आणि मग थांबणं. परत तीच शीळ, या वेळी शेवटाला थोडी वर चढवलेली. मग तिसऱ्यांदा तिच्यामागून एक घरंगळणारी तान येते आणि तिथून त्याला आवरणं नाही. एक तुकडा दोनदा म्हणेल, फार तर तीनदा, आणि सोडून देईल. मध्येच कोतवाल पाखराच्या आवाजाची नक्कल, मध्येच बुलबुलाचा एखादा शब्द. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर दुसरा एक नर बसतो, तो तिकडून उत्तर देतो. मग या निंबावरच्याला चेव येतो. उजाडेपर्यंत दोघांचं चालतं. तोवर खाली आईचा खराटा सुरू झालेला असतो.

दिसायला साधंच पाखरू. बुलबुलाएवढं. नर वरून निळसर झाक असलेला काळा, पोट पांढरंशुभ्र, पंखावर पांढरा पट्टा, शेपूट उभी. मादीचा काळेपणा राखाडी. थंडीत हाच पक्षी झुडपाखाली चूपचाप किडे टिपत असतो, तेव्हा कोणाचं लक्षही जात नाही. मार्च लागला की गळा उघडतो, तो पावसाळा अर्धा होईपर्यंत. झाडाची ढोली मिळाली तर ठीक, नाही तर भिंतीतलं भोक. आमच्या गोठ्याच्या मातीच्या भिंतीत, जुन्या खुंटीच्या जागी पडलेल्या भोकात दयाळाचं घरटं मी लहानपणी पाहिलंय. निळसर हिरवी अंडी, वर तपकिरी ठिपके. शेजारच्या बांगलादेशाचा हा राष्ट्रीय पक्षी आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आमच्याकडं त्याला नावानं हाक मारायचीही कोणाला गरज पडली नव्हती. आजी 'ते पहाटचं पाखरू' म्हणायची.

या उन्हाळ्यात मी त्याचा आवाज फोनवर घ्यायला लागले. रोज पहाटे फोन कठड्यावर ठेवायचा, वर ओढणीचा पदर टाकायचा म्हणजे वारा लागत नाही, आणि गुपचूप पडून राहायचं. तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "काय करून राहिली वं रोज?"

"दयाळाचा आवाज घेऊन राहिली."

"कायले? तो काय कुठी चालला हाय का?"

या प्रश्नाचं उत्तर मी त्या वेळी दिलं नाही. ते लांबचं आहे आणि त्याची सुरुवात दोन मुक्या फितींपासून होते.

पहिली फीत आमच्या घरची. आत्याचं लग्न १९९३ च्या मे महिन्यात झालं आणि तालुक्याच्या गावाहून व्हिडिओवाला बोलावला होता. त्या काळची ज्यांनी पाहिली त्यांना ठाऊक आहे, लग्नाच्या कॅसेटीत माणसांचा आवाज ठेवत नसत. मांडवातला सगळा आवाज पुसून त्यावर सिनेमाची गाणी बसवून देत. तशीच आमची. तीन तास गाणी आणि खाली ओठ हलवणारी माणसं. त्यात आबाजी, म्हणजे माझे आजोबा, चार ठिकाणी दिसतात. तीन ठिकाणी गप्प. चौथ्या ठिकाणी मांडवाच्या डाव्या खांबाशी उभे आहेत, डोक्यावर टोपी, खांद्यावर नवं उपरणं, उजवा हात वर करून आचाऱ्याच्या दिशेनं काही तरी सांगताहेत. तोंड चांगलं उघडलेलं. म्हणजे जोरात बोलताहेत. नऊ सेकंद. मग समोरून कोणी तरी टोपलं घेऊन जातं आणि आबाजी झाकले जातात.

२००१ साली ते गेले. त्यांचा आवाज कुठंही नाही. ना टेपवर, ना फोनवर. तेव्हा आमच्या घरी फोनच नव्हता.

आणि माणूस होता आवाजाचा. जागलीला जायचे तेव्हा मचाणावरून त्यांनी दिलेली हाळी नाल्यापलीकडच्या तीन वावरांपर्यंत पोचायची. हाळी म्हणजे शब्द नव्हते. छातीतून निघून टाळूला लागलेला एक लांब 'होऽऽऽ', शेवटी जिभेनं मारलेला 'र्रर्र', आणि मग एक छोटा, तुटका 'ह्या!' रानडुकरं त्या 'होऽऽऽ'ला थबकायची आणि 'ह्या'ला पळायची, असं माझे काका सांगतात. पण आवाज कसा होता म्हणून विचारलं तर घरात एकमत नाही. बाबा म्हणतात, पातळ होता, धारदार. आत्या म्हणते, "कायचा पातळ! जाडाभरडा आवाज होता बाबांचा." दोघंही त्यांच्याच पोटची. दोघांनीही तो आवाज वीसवीस, तीसतीस वर्षं ऐकलेला.

दुसरी फीत ऑस्ट्रेलियाची. डिसेंबर १९३३. टास्मानिया बेटावरच्या होबार्ट शहरातल्या प्राणिसंग्रहालयात डेव्हिड फ्ले नावाचे निसर्ग अभ्यासक कॅमेरा घेऊन एका पिंजऱ्यात शिरले. आत एक जनावर होतं, थायलासीन. कोणी त्याला टास्मानियन वाघ म्हणत, कोणी लांडगा. तो दोन्ही नव्हता. तो कांगारूच्या गोतातला, पोटाला पिशवी असलेला, आपल्या शाळेच्या पुस्तकांत ज्याला शिशुधानी प्राणी म्हणतात तो. मी ती फीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आमच्याकडचं तरस आठवलं. तशीच मागच्या अंगाला थोडी उतरती चाल, पाठीवर आडवे पट्टे. डोकं मात्र थेट कुत्र्याचं. आणि शेपूट अशी की पाठीचा कणाच पुढं निमुळता होत गेलाय, कुत्र्यासारखी हलायची नाही. त्या फितीत ते जनावर पिंजऱ्याच्या जाळीपाशी येरझाऱ्या घालतं, अंग खाजवतं, आडवं होतं. आणि एकदा जांभई देतं. तो जबडा उघडत जातो, उघडत जातो, माणसाला वाटतं आता थांबेल, तरी उघडतच जातो. इतका मोठा जबडा उघडलेला, आणि आवाज काही नाही. फीत मुकी आहे. फ्ले यांच्या कुल्ल्याला त्यानं त्या दिवशी चावा घेतला, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. त्या वेळी ते गुरगुरलं असेल का? फितीवरून ते कळायला मार्ग नाही.

७ सप्टेंबर १९३६ च्या रात्री त्याच प्राणिसंग्रहालयात शेवटचं थायलासीन मेलं. आता ऑस्ट्रेलियात ७ सप्टेंबर हा दिवस धोक्यात आलेल्या जिवांसाठी पाळतात. या प्राण्याला कायद्यानं संरक्षण मिळालं होतं ते १० जुलै १९३६ ला. एकोणसाठ दिवस आधी.

जगात या प्राण्याची जी काही चित्रफीत उरली आहे ती सगळी जोडली तरी तीन मिनिटांच्या थोडी पुढं जाते. सगळी मुकी. आवाजाची म्हणून एकही नोंद नाही. ज्यांनी ऐकला त्यांनी लिहून ठेवलं, सांगितलं. कोणी म्हणे खोकल्यासारखं भुंकतो. कोणी म्हणे छोट्या कुत्र्यासारखं 'यिप यिप' करतो. कोणी म्हणे घोगरा, कोणी म्हणे बारीक. मी हे वाचलं त्या दिवशी मला आमच्या ओसरीवर बाबा आणि आत्याचा चाललेला वाद ऐकू आला.

आता इथं मला टास्मानियाच्या मेंढपाळांविषयी थोडं बोललं पाहिजे, कारण शहरात बसून त्यांना शिव्या घालणं फार सोपं आहे. मी शेतकऱ्याच्या घरची आहे. वर्षभराची तूर एका रात्रीत रोह्यांनी लोळवलेली मी पाहिलीय. उन्हाळी भुईमूग डुकरं असा उकरतात की सकाळी वावरात गेलं तर वखर फिरवल्यासारखं दिसतं आणि एक शेंग हाताला लागत नाही. नुकसानभरपाईचे कागद, पंचनामा, फेऱ्या, हे सगळं आमच्या घरानं केलंय. जंगलाला लागून ज्यांची वावरं आहेत त्यांच्याकडं तर बैल नेणारा, कधी माणूस नेणारा वाघ आहे. तेव्हा ज्याच्या मेंढ्या मरत होत्या त्याचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही.

पण तो राग कोणावर निघाला, हे पाहायला हवं. टास्मानियात मेंढ्या मोकाट कुत्रीही मारत होती, चोरही नेत होते, कारभारही धड नव्हता. दोष मात्र पट्टेवाल्याच्या नावावर लिहिला गेला. १८३० मध्येच एका मेंढपाळी कंपनीनं त्याच्या डोक्याला बक्षीस लावलं. १८८८ पासून सरकारच बक्षीस देऊ लागलं, मोठ्या जनावराला एक पौंड, पिल्लाला दहा शिलिंग. १९०९ पर्यंत २,१८४ बक्षिसं वाटली गेली. हा आकडा फक्त ज्यांचे पैसे दिले त्यांचा. त्याशिवाय फासात मेलेले, कुत्र्यांनी फाडलेले, रोगानं गेलेले वेगळे. १९३० साली मॉबॅना नावाच्या गावी एका शेतकऱ्यानं आपल्या कोंबड्यांजवळ आलेलं एक थायलासीन गोळी घालून मारलं. रानातलं मारलं गेल्याची नोंद असलेलं ते शेवटचं.

आपल्याकडंही हाच हिशेब चालला होता. इंग्रज सरकार वाघाच्या, बिबट्याच्या, लांडग्याच्या डोक्यामागं रोख पैसे देत असे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानं १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. आपला वाघ वाचला, कारण देश मोठा होता, जंगलं दूरदूर पसरलेली होती, आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला तेव्हा मेळघाटासारख्या डोंगरांत तो थोडाफार शिल्लक होता. टास्मानिया बेट. चारी बाजूंनी समुद्र. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून हा प्राणी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच गेलेला, तिथं तो फक्त कातळावर आदिवासींनी काढलेल्या चित्रांत राहिला होता. बेटावरून गेला म्हणजे गेलाच.

मला मात्र सगळ्यात जास्त छळतात ती सालं.

१८८८ मध्ये टास्मानियाच्या सरकारनं पौंड द्यायला सुरुवात केली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये लुडविग कोख नावाच्या आठ वर्षांच्या पोरानं वडिलांनी आणलेल्या एडिसनच्या यंत्रावर, मेणाच्या नळकांड्यावर, घरच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा आवाज घेतला. जगात टिकून राहिलेलं पाखराच्या आवाजाचं ते सगळ्यात जुनं ध्वनिमुद्रण. आणि तो पक्षी कोणता? आपल्याकडचा शामा. आमच्या दयाळाचा सख्खा भाऊबंद, एकाच कुळातला, पोट तेवढं तांबूस आणि राहणं दाट रानात. कुठलं हिंदुस्थानातलं पाखरू, कसं पिंजऱ्यात घालून इतक्या दूर गेलं असेल. पण त्याचा गळा आजही ऐकता येतो. खरखरीतून येतो, तरी शामाच आहे हे ओळखू येतं.

म्हणजे ज्या काळात एक पोरगा घरी बसून पाखराचा आवाज मेणावर धरू शकत होता, त्या काळापासून पुढं सत्तेचाळीस वर्षं थायलासीन जिवंत होता. लंडनच्या, न्यूयॉर्कच्या, मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयांत होता. हजारो माणसं त्याच्या पिंजऱ्यासमोर उभी राहिली. खुद्द ऑस्ट्रेलियात १९३१ मध्ये लायरबर्ड नावाच्या गाणाऱ्या पक्ष्याचा आवाज रानातून रेडिओवर ऐकवला गेला होता. सगळं अवजड सामान घेऊन माणसं रानात गेली, थंडीत थांबली, पाखरू बोलेपर्यंत वाट पाहिली. त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. पण होबार्टच्या पिंजऱ्यासमोर असलं यंत्र कोणी नेलं नाही. लायरबर्ड गातो, म्हणून त्याचा आवाज धरावासा वाटला. हे जनावर खोकल्यासारखं भुंकत होतं. त्यात धरून ठेवण्यासारखं काय आहे, असंच वाटलं असणार. आमच्या व्हिडिओवाल्यालाही वाटलं नव्हतं का, की मांडवात बायामाणसं जे ओरडतात त्यात काय आहे, त्यापेक्षा गाणं बरं?

आणखी एक गोष्ट मला अलीकडं कळली आणि मी कितीतरी दिवस ती मनात घोळवत होते. जगात गाणाऱ्या पक्ष्यांच्या सुमारे पाच हजार जाती आहेत, एकूण पाखरांच्या जवळपास निम्म्या. दयाळ, बुलबुल, साळुंकी, चिमणी, शिंपी, अगदी कावळासुद्धा त्यातच. जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिलं की या सगळ्यांचं मूळ ऑस्ट्रेलियाच्या बाजूचं. काही कोटी वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज तिथून बेटाबेटानं आशियात आले आणि जगभर पांगले. म्हणजे आमच्या निंबावरच्या दयाळाचं मूळ गाव आणि त्या पट्टेवाल्याचं गाव एकच. एकाचं गोत गाव सोडून निघालं, समुद्र ओलांडून कोट्यवधी वर्षांनी अडाण नदीच्या काठी आमच्या गोठ्याच्या भिंतीत घर करून राहिलं. दुसरा तिथंच राहिला.

गाणारी पाखरं गाणं पोटातून घेऊन येत नाहीत. शिकतात. पिल्लू बापाचं ऐकतं, शेजारच्या नरांचं ऐकतं, आधी बोबडं बोलतं, चुकतं, परत ऐकतं. ऑस्ट्रेलियातच रीजंट हनीईटर नावाचा एक काळा-पिवळा पक्षी आहे. एके काळी त्याचे मोठमोठे थवे असत, आता जेमतेम तीनएकशे उरलेत. २०२१ मध्ये तिथल्या संशोधकांनी सांगितलं की त्यांतल्या काही तरुण नरांना आपलं गाणंच येत नाही. शिकवायला जवळपास थोर नरच नाही. मग ते दुसऱ्याच जातीच्या पाखरांची गाणी म्हणतात आणि माद्या त्यांच्याकडं कमीच फिरकतात. मला हे वाचून रडू आलं. आता पिंजऱ्यात वाढवलेल्या पिल्लांना सोडण्याआधी त्यांच्या जातीच्या जुन्या, पक्क्या गाण्याचं ध्वनिमुद्रण ऐकवतात. कोणी तरी ते कधीकाळी धरून ठेवलं होतं म्हणून ऐकवता येतं.

थायलासीनला परत आणायचं चाललंय. मेलबर्नचे अँड्र्यू पास्क आणि त्यांचे सहकारी त्याच्या जनुकांवर काम करतात, २०२२ मध्ये एक अमेरिकन कंपनीही त्यांच्यासोबत आली. डनार्ट नावाचा उंदराएवढा पिशवीवाला प्राणी आहे, त्याच्या पेशींपासून पट्टेवाल्यापर्यंत जायचा बेत आहे. होईल न होईल. समजा झालं. समजा एक दिवस पट्टे असलेलं, कुत्र्याच्या तोंडाचं पिल्लू उभं राहिलं आणि त्यानं तोंड उघडून आवाज काढला. तो आवाज बरोबर आहे की नाही, हे सांगायला आज पृथ्वीवर एकही माणूस नाही. जुन्या माणसांत एक तरी असता, जो डोळे मिटून ऐकता आणि म्हणता, होय, आमच्या झोपडीमागं रात्री हाच यायचा. तो नाही.

मी हे असं बोलते तेव्हा माझा एक सहकारी मला रानपिंगळ्याची आठवण देतो, आणि ते बरोबरच आहे. १८८४ नंतर हे छोटं घुबड खात्रीनं कोणाला दिसलं नव्हतं. संपलं म्हणून लोकांनी सोडून दिलं. ११३ वर्षांनी, १९९७ च्या नोव्हेंबरात, खानदेशात शहाद्याजवळ ते दिवसाउजेडी फांदीवर बसलेलं सापडलं. पुढं आमच्या मेळघाटातही निघालं. म्हणून आजही टास्मानियात कोणी पट्टेवाला दिसल्याचं सांगतो तेव्हा मी त्याला वेड्यात काढत नाही. पण रानपिंगळ्याला लपायला सातपुडा होता.

आणि उलटही होतं. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. इतकी, की मोजायचं कोणाच्या डोक्यात येत नसे. गुरांच्या सुजेवर देतात ते डायक्लोफेनॅक औषध मेलेल्या ढोरातून त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात हजारात जेमतेम एक उरली होती. माझ्या वर्गातल्या पोरांना गिधाड फक्त चित्रात माहीत आहे. मला तारीख सांगता येत नाही, आमच्या ढोरफोडीवर शेवटचं गिधाड कधी उतरलं ती. त्या दिवशी ते शेवटचं आहे असं कोणाला वाटलंच नाही.

'तो काय कुठी चालला हाय का?' या आईच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच होतं. दयाळ कुठंही चाललेला नाही. भरपूर आहे. आहे तोवरच मला तो हवाय.

होबार्टच्या त्या शेवटच्या जनावराचं पुढं काय झालं, ते २०२२ मध्ये उलगडलं. त्याचा देह हरवला असंच सगळे समजत होते. तो तिथल्या संग्रहालयातच होता, कपाटात. म्हातारी मादी होती ती. कातडं कमावून ठेवलेलं, हाडं वेगळी. ते कातडं शेवटच्या थायलासीनचं आहे हे विसरलं गेलं होतं आणि चांगलं कमावलेलं म्हणून ते शिकवायच्या सामानात, शाळांमधून फिरवलं जात होतं. मी शिक्षिका आहे. त्या वर्गांतली पोरं मला दिसतात. रांगेनं येऊन बोटानं पट्टे चाचपणारी, आणि मास्तरांना विचारणारी. हमखास विचारलं असेल कोणी तरी, गुरुजी, हा कसा ओरडत होता?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आत्या आली. रात्री आम्ही सगळे गच्चीवर. नाल्यापलीकडं काकांचं वावर आहे, त्यात यंदा विहिरीच्या पाण्यावर उन्हाळी भुईमूग. आता रात्री मचाणावर कोणी जात नाही. धुऱ्याला झटका मशीनच्या तारा आहेत आणि वावराच्या मध्यभागी बांबूवर भोंगा. हा भोंगा बाजारात मिळतो, बॅटरीवर चालतो, त्यात कुत्र्यांचं भुंकणं, फटाके, कोण्या अनोळखी माणसाचं ओरडणं भरलेलं असतं आणि दर काही मिनिटांनी ते वाजतं. महिनाभरात डुकरं त्याला सरावली. भोंगा भुंकायचा आणि ती शेंगा खात राहायची. म्हणून चुलतभावानं त्यातला आवाज काढून स्वतःच्या आवाजातली हाळी फोनवर भरली आणि ती त्यात टाकली. मला यातलं काही माहीत नव्हतं. आत्याला तर नव्हतंच.

अकरा-साडेअकरा झाले असतील. बाबा पडल्या पडल्या घोरायला लागले होते. आत्या माझ्या शेजारच्या खाटेवर, तिच्या पोरीच्या सासरचं काही तरी सांगत होती. नाल्यापलीकडून आवाज आला.

होऽऽऽ.

लांब. छातीतून निघालेला, टाळूला लागलेला. मग 'र्रर्र'. मग तो तुटका 'ह्या!'

आत्या बोलता बोलता थांबली. उठून बसली. तिनं माझा हात धरला, तिची बोटं गार पडली होती. मला वाटलं तिला काही होतंय.

"दादा," ती हळूच म्हणाली. मग मोठ्यानं, "दादा, उठ ना! आयकलं का?"

बाबा उठले. काय झालं म्हणून विचारायच्या आतच भोंगा परत वाजला. बाबांनी मान वळवून नाल्याकडं पाहिलं. अंधारात त्यांचा चेहरा मला नीट दिसला नाही. आबाजींकडून काका शिकले, काकांकडून त्यांचा पोरगा, मचाणावर शेजारी बसून, लहानपणी. कोणी कोणाला शिकवायला म्हणून बसलं नव्हतं.

"जाडा आवाज होता ना?" आत्या म्हणाली.

"हो," बाबा म्हणाले. "असाच."

मग आम्ही तिघं बसून राहिलो. दर दहा मिनिटांनी तो यायचा. आत्या प्रत्येक वेळी मान हलवायची. मी फोन कठड्यावर ठेवला, ओढणी टाकली. पहाटे साडेचारला निंबावर शीळ आली तेव्हाही तो चालूच होता. त्या ध्वनिमुद्रणात आधी लांबून 'होऽऽऽ' आहे, त्यावर दयाळ आहे, पाण्याच्या टाकीवरचा दुसरा आहे, खाली आईचा खराटा आहे. आणि मध्ये एकदा आत्याचा आवाज, झोपेतला, कोणाला तरी म्हणणारा, "आली, बाबा, आली."